चिठ्ठी ‘लिहिली’, पण कधी?

फ्रेंचच्या भूतकाळात मी बरेच गुण घालवले. ‘जे एक्री ला लेत्र’ म्हणजे मी चिठ्ठी लिहिली. लेत्र स्त्रीलिंगी, म्हणून मी एक्रीचंही हटकून स्त्रीलिंगी रूप लिहायचे. वहीत लाल रेघ! खोड मराठीची होती. आपल्याकडे कर्म कुठेही असो, ‘लिहिली’च. फ्रेंचमध्ये ‘आवुआर’ हे सहाय्यक क्रियापद सोबत असेल, तर कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच रूप बदलतं: ‘ला लेत्र क जे एक्रीत’, मी लिहिलेली चिठ्ठी. इथे तो ‘त’ चक्क ऐकू येतो.

आता क्रियापदापाशी थांबून मागे बघते, कर्म येऊन गेलं का? ‘एत्र’ हे दुसरं सहाय्यक क्रियापद घेणारी जाणं-येणं सोपी, आपल्या ‘ती गेली’सारखी कर्त्यामागे जातात. ‘तिने हात धुतले’शी मात्र अजून भांडण चालू आहे.