चामखीळ काढून आलात? खरी काळजी खपली पडल्यावर

आमच्या घराण्यात चामखिळी पिढीजात आहेत. माझ्या चेहऱ्यावरच्या आजवर चार काढून झाल्या, आईच्या आणि नवऱ्याच्या वेगळ्या. त्यामुळे 'लिंबू चोळ, टूथपेस्ट लाव' सांगणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, चहा विचारते.

काम त्वचारोगतज्ज्ञाकडे झालंय, पार्लरमध्ये नाही, हे मी धरून चालते. (रंग किंवा आकार बदलणारा तीळ असेल तर काढलेला तुकडा तपासायला पाठवलाय ना, तेवढं विचारा.)

पहिला आठवडा सोपा. सौम्य साबणाने धुवायचं, टिपून घ्यायचं, साधी पेट्रोलियम जेली लावायची. 'उघडी ठेव, वाळू दे' हे ऐकू नका. जखम ओलसर राहिली की जाड खपली धरत नाही आणि कातडी लवकर भरते. टाके असतील तर चेहऱ्यावरचे साधारण 5 ते 7 दिवसांत काढतात. ती तारीख पुढे ढकलू नका, नाहीतर टाक्यांचेच वण राहतात. खपलीला नख लावायचं नाही.

आता खपली पडली, खाली गुलाबी कातडी दिसली. इथेच सगळे निर्धास्त होतात, मीही झाले होते. तेव्हा मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला जायचे. सकाळची खिडकी मिळाली की कोण सोडतं? महिनाभर गालावर ऊन घेतलं, ऑफिसातही काचेशेजारीच बसले. गुलाबी ठिपका आधी तपकिरी झाला, मग काळपट. जायला वर्ष लागलं.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत भरत्या जखमेभोवती रंगद्रव्य पटकन साठतं आणि ऊन त्याला खतपाणी घालतं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी युव्हीबी काच बरंचसं अडवते, युव्हीए आत येतंच. म्हणून जखम पूर्ण मिटेपर्यंत बाहेर पडताना त्यावर छोटी पट्टी, आणि मिटली की त्याच दिवसापासून सनस्क्रीन. एसपीएफ निदान 30, मी 50 वापरते. वाटाण्याएवढं नव्हे, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघा येतील इतकं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ठाण्याच्या घामात तर सकाळचा थर स्टेशनपर्यंतसुद्धा टिकत नाही! पावसाळ्यात सुट्टी घेऊ नका.

शक्यतो रंगीत, म्हणजे टिंटेड घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं. तोही आपल्यासारख्या कातडीवर डाग गडद करतो आणि साध्या सनस्क्रीनमधून आरपार जातो. हे मला तिसऱ्या चामखिळीच्या वेळी कळलं. पांढरी ट्यूब तेव्हापासून नवऱ्याला दिली.

दुसरी चूक मी त्याच डागावर केली. केमिस्टकडे गेले, 'डाग घालवायचं काहीतरी द्या' म्हटलं. त्याने दिलेल्या ट्यूबने आठ दिवसांत चेहरा उजळला, दोन महिन्यांत लाल झाला आणि पुरळ आलं. आत स्टिरॉइड होतं. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात आणि बंद करताच चेहरा पेटतो. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावणाऱ्यांनीही थांबावं. फायदा सिद्ध नाही, खाज मात्र अनेकांना सुटते.

वण उंच वाटत असेल तर सिलिकॉन जेल. जखम मिटल्यावरच, दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर; वाळला की वर सनस्क्रीन. निदान दोन-तीन महिने. पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडलेल्या किती ट्यूबा आमच्या फ्रिजच्या दारात पडल्या आहेत!

डॉक्टर हो म्हणाले की बोटाने गोल दाबत मालिश करा, दोन-तीन मिनिटं पुरे.

वण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरू लागला, खाजू लागला, तर तो केलॉइड असू शकतो. जबड्याच्या कडेला आणि कानाच्या पाळीला तो जास्त येतो. अशा वेळी 'पुन्हा कापून टाका' म्हणू नका, नुसतं कापलं तर बहुधा आधीपेक्षा मोठा उगवतो. त्यात इंजेक्शनं देतात, काही आठवड्यांच्या अंतराने. दुखतात. माझ्या आईने दर वेळी डॉक्टरांचा हात धरून ठेवला होता, पण कानामागची गाठ आता बोटाला लागत नाही.