घरात डिमेन्शियाचं माणूस असेल तर स्वतःची तब्येत कशी सांभाळायची

आमच्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार. त्यांचं बीपी मी रोज मोजून वहीत लिहायचे, माझं मात्र दोन वर्षांत एकदाही नाही. एक दिवस मशीन बरोबर चाललंय का बघायला पट्टा आपल्याच दंडाला बांधला तर १५४/९६! म्हटलं मशीनच बिघडलं. मशीन ठीक होतं.

तर पहिलं काम, त्याच वहीत आपला कॉलम काढा. मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, गप्प (आतून हाक येतेच, येऊ दे), मिनिटभराने परत मोजायचं. आठवडाभराची सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर डॉक्टरकडे जा, टेन्शनचं असेल म्हणून सोडू नका. १९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये डिमेन्शियाचं माणूस सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम बारीकशी जखम करून बघितली होती, ती भरायला बाकीच्यांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. ताण असा अंगात मुरतो.

मग कंबर. सासूबाईंना उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, त्यांचा खांदाही दुखावतो. आधी त्यांना खाटेच्या कडेला आणा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, आपले पाय फाकवून गुडघे वाकवा, "नाक पुढे" म्हणा, त्या पुढे झुकल्या की अर्धं वजन आपोआप उचललं जातं. माझी कंबर जायची ती सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकून घाईत उठवताना. पाव उशिरा घेतला तर काय बिघडतं?

संध्याकाळी दिवेलागणीला आमच्याकडे "हांव घरा वता" (मी घरी जाते) सुरू होतं, स्वतःच्याच घरात. हेच तुझं घर असं समजावत बसलात तर दोघींचं बीपी वाढतं. मी लाइट लवकर लावते, चप्पल घालून अंगणात तुळशीपर्यंत जाऊन येतो, आलो घरी. रात्रीसाठी दाराच्या कडीला घुंगरू बांधलंय, त्यामुळे एक कान उघडा ठेवून झोपावं लागत नाही.

आणि मदत नेमकी मागा. "काही लागलं तर सांग" म्हणणारे खूप, त्यांना वार आणि वेळ द्या. गोव्यातल्याच ८१ घरांचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला होता, बारावीपर्यंत शिकलेली माणसं थोडं ट्रेनिंग घेऊन अशा घरी जायची, सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार हलका झाला. म्हणजे समजून घेऊन येणारं साधं माणूससुद्धा पुरतं. अगदीच असह्य झालं तर १४४१६, टेली मानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन, फुकट आणि रात्रीसुद्धा.

आमची नणंद आता रविवारी तीन ते सहा येते. पहिल्या रविवारी मी म्हापशाला जाणार होते, साडी बदलली, पाच मिनिटं टेकले आणि सहाला तिनेच उठवलं.