फुटबॉल लीगच्या शैलींची तुलना करताना या चुका टाळा

इटलीत नुसता बचाव, स्पेनमध्ये पासांची वीण, जर्मनीत धावाधाव, इंग्लंडमध्ये धसमुसळेपणा. ही लेबलं डोक्यात ठेवून सामना बघायला बसलात की पहिल्या अर्ध्या तासातच गडबड होते.

इटलीचंच घ्या. प्रशिक्षक हेलेनियो हेरेरांच्या इंटर मिलानचं कातेनाचो, म्हणजे घट्ट बचावाची पद्धत, हे १९६० च्या दशकातलं. अलीकडे प्रशिक्षक गास्पेरिनींचा अटलांटा हा इटालियन संघ मैदानभर माणसामागे माणूस लावायचा, ज्याला राखायचं त्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे बचावपटू थेट मध्यरेषेपलीकडे जायचा. तोवर त्या हंगामात एकही सामना न हरलेल्या जर्मनीच्या लेव्हरकूझनला त्यांनी २०२४ च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात ३-० ने लोळवलं. म्हणून लीगच्या आधी प्रशिक्षक बघा. आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमध्ये प्रशिक्षक लोबेरा एफसी गोवाहून मुंबई सिटीत आले आणि चेंडू राखायचा खेळही त्यांच्याबरोबर आला. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीत अव्वल येण्याची शील्ड आणि अंतिम सामन्याची ट्रॉफी दोन्ही जिंकल्या.

दोन लीगमधल्या खेळाडूंचे एकूण गोल शेजारी शेजारी ठेवू नका. जर्मनीच्या बुंडेसलिगात ३४ सामने, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३८. तिकडचे ३० आणि इकडचे ३३ गोल म्हणजे सामन्यागणिक ०.८८ आणि ०.८७. खेळलेली मिनिटं धरून दर ९० मिनिटांचा आकडा काढलात तर आणखी बरं.

सगळ्यात जास्त घोळ पीपीडीएचा होतो, म्हणजे दर बचावात्मक कृतीमागे प्रतिस्पर्ध्याला किती पास देऊ दिले त्याचा. प्रतिस्पर्ध्याने त्याच्या स्वतःच्या बाजूच्या ६० टक्के मैदानात दिलेले पास, भागिले तुमच्या संघाने त्याच भागात केलेले टॅकल, अडवलेले पास, फाउल वगैरे. २४० पास आणि २० कृती म्हणजे १२. कृती ३० झाल्या की ८. आकडा लहान तितकं प्रेसिंग (पुढे चढून चेंडू हिसकावायला दबाव टाकणं) कडक, इथवर ठीक. पण समोरचा संघ गोलकीपरपासूनच लांब चेंडू मारत असेल, तर पासच कमी होतात आणि तुमच्या संघाने फारसं न पळताही आकडा घसरतो. उलट, आघाडी मिळाल्यावर संघ मागे सरकतो आणि आकडा फुगतो. त्यामुळे बरोबरी असतानाची मिनिटं वेगळी काढा, मगच दोन लीग ताडून बघा.

खेळाडूबद्दल भाकीत करतानाही हीच ठेच लागते. टिमो वेर्नरने २०१९-२० मध्ये जर्मनीच्या लाइपझिगकडून लीगमध्ये २८ गोल केले. पुढच्या हंगामात इंग्लंडच्या चेल्सीकडून लीगमध्ये ६. वेग तोच होता, पण त्याला बचावफळीमागे मोकळी जागा लागते आणि चेल्सीसमोर बरेच संघ पेनल्टी क्षेत्रालगत दाटी करून बसायचे. आधी त्याचे किती फटके मागच्या मोकळ्या जागेत धावून आलेत ते मोजा, मग नवा संघ तसे पास किती देतो ते बघा.

क्षणचित्रांवरून शैली ठरवणं तर सोडाच, त्यात गोलच दिसणार. त्यापेक्षा ०-० असताना दोन्ही संघांच्या पाच-पाच गोलकिक बघा. २०१९ पासून सहकारी पेनल्टी क्षेत्राच्या आतही चेंडू घेऊ शकतो. कोण तिथे घेतो, कोण लांब मारतो आणि समोरचे किती जण आत चढून येतात, तेवढं वहीत टिपा.