परीक्षा ‘गिव्ह’ करू नका: ‘टेक’ वापरताना या चुका टाळा

मंगेशीला दीपस्तंभापाशी एक जोडपं मोबाइल लांब धरून स्वतःचा फोटो घ्यायची खटपट करत होतं. सातही मजले काही त्यात मावत नव्हते. माझ्याकडे शिकवणीला येणारा बारावीचा मुलगा पुढे झाला आणि आदबीनं म्हणाला, ‘शॅल आय रिमूव्ह युअर फोटो?’ त्या बाईंनी मोबाइल पटकन छातीशी धरला. मुलगा गोंधळला. त्याच्या मनातलं वाक्य चांगलंच होतं, ‘तुमचा फोटो काढू का?’ पण रिमूव्ह म्हणजे असलेली वस्तू काढून टाकणं. बाईंना ऐकू आलं ते ‘तुमचा फोटो काढून टाकू का?’ तिथं हवं होतं ‘शॅल आय टेक अ फोटो ऑफ यू?’

मी गोव्यात, डिचोलीत संध्याकाळी इंग्रजी शिकवते. आपली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जाऊन बसतात. शब्दार्थ पाठ करकरून ती तग धरतात, ती मेहनत मी जवळून पाहिलेली आहे. पण त्या वहीत टेकच्या पुढे एकच अर्थ लिहिलेला असतो, घेणे. आणि इंग्रजीत जिथं जिथं टेक येतो तिथं मराठीत कधी काढणे असतं, कधी लागणे, कधी नेणे, कधी देणे. म्हणून माझ्या मुलांना मी वहीचं पान उलटं आखायला लावते. डावीकडे मराठी क्रियापद, उजवीकडे त्याचं अख्खं इंग्रजी वाक्य. सुटा शब्द लिहायचाच नाही.

परीक्षा कोण देतं, कोण घेतं?

सगळ्यात खोल रुतलेली चूक हीच. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत दिशा नेमकी उलटी आहे. शिक्षक पेपर हातात ठेवतात, म्हणून ‘द टीचर गिव्ह्ज अ टेस्ट’, आणि मूल तो पेपर घेऊन सोडवायला बसतं, म्हणून ‘द स्टुडंट टेक्स अ टेस्ट’. मराठीनं लक्ष ठेवलंय उत्तरांवर, इंग्रजीनं प्रश्नपत्रिकेवर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र एकीचं बोट धरून दुसरीत शिरलं की अर्थ पालथा होतो. ‘सर टुक अवर एक्झाम’ हे वाक्य परदेशातल्या माणसाला सांगतं की आमच्या जागी सरच पेपर लिहायला बसले!

‘आय गेव्ह माय एक्झाम’ आपल्या देशात सगळ्यांना कळतं. पर्वरीच्या बोर्डाच्या परीक्षेबद्दल आपसात बोलताना कोणी तसं म्हणालं तर मी अडवत नाही. पण आपल्याकडची किती मुलं जहाजावर, आखातात, इंग्लंडात जायची तयारी करतात. परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलानं तोंडी परीक्षेत ‘आय गेव्ह द टेस्ट लास्ट इयर’ म्हटलं, तर समोरच्याला वाटेल हा परीक्षक आहे. ‘आय टुक द टेस्ट’ म्हणा. ब्रिटिश माणसं ‘सॅट द एक्झाम’ असंही म्हणतात, आणि ते तर आपल्या ‘परीक्षेला बसलो’च्या अगदी शेजारचं आहे.

मुलाखतीचंही तसंच. ‘आय गेव्ह अॅन इंटरव्ह्यू’ हे वार्ताहराला मुलाखत देणाऱ्या मंत्र्याच्या तोंडी शोभतं. नोकरीसाठी गेला असाल तर ‘आय हॅड अॅन इंटरव्ह्यू’. आणि ‘मॅडम टुक माय इंटरव्ह्यू’ऐवजी ‘मॅडम इंटरव्ह्यूड मी’.

माझ्या कामाचं वाक्यसुद्धा मला जपून बोलावं लागतं. ‘मी वर्ग घेते’ म्हणून ‘आय टेक क्लासेस’ म्हटलं, तर परदेशी पाहुण्याला मी कुठंतरी शिकायला जाते असं वाटू शकतं. तिथं ‘आय टीच’ एवढंच पुरतं.

वेळ ‘लागतो’ तेव्हा

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत एका पाहुण्यानं शेजारच्या मुलीला विचारलं, ‘हाउ लाँग डझ इट टेक?’ ती म्हणाली, ‘टाइम इज टेकिंग टेन मिनिट्स.’ त्याला कळलं, काम भागलं. पण हे वाक्य इंग्रजी नाही. मराठीत ‘वेळ’ हा कर्ता असतो, वेळ लागतो. इंग्रजीत ती जागा ‘इट’ला दिलेली आहे. रोजची गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ, ‘इट टेक्स टेन मिनिट्स.’

आता ‘मला पणजीला पोचायला दीड तास लागला’ घ्या. साचा असा: आधी ‘इट टुक’, मग कोणाला, मग किती, मग ‘टू’ लावून काय करायला. ‘इट टुक मी अॅन अवर अँड अ हाफ टू रीच पणजी.’ इथं मुलं दर वेळी अडखळतात, कारण हा ‘मी’ मराठीतला नव्हे, त्याचा अर्थ ‘मला’. एकदा ते डोक्यात बसलं की वाक्य आपोआप जुळतं. आईला लागला तर ‘इट टुक हर’, आम्हाला लागला तर ‘इट टुक अस’.

प्रश्न विचारताना ‘हाउ मच टाइम इट टेक्स?’ असं नको. ‘डझ’ आणा, ‘हाउ मच टाइम डझ इट टेक?’ हा ‘डझ’ फक्त थेट प्रश्नात. ‘टेल मी’नं सुरुवात केलीत की तो गळतो, ‘टेल मी हाउ लाँग इट टेक्स.’

हाड आणि व्हर

टेक आणि ब्रिंगचा घोळ मात्र गोव्यात व्हायला नको होता. कोंकणी आपल्या कानावर दिवसभर असते. हाड म्हणजे आण, तो ब्रिंग. व्हर म्हणजे ने, तो टेक. मराठीतही आणणे आणि नेणे आहेतच. घोटाळा होतो ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ यांमुळे, दोन्हीत घेऊन आहे ना! घरी बसून फोनवर ‘बाबांना बांबोळीला नेलं’ सांगायचं असेल तर ‘वी टुक बाबा टू बांबोळी’. तेच तुम्ही बांबोळीला हॉस्पिटलातच उभे राहून सांगत असाल, तर ‘वी ब्रॉट हिम हिअर’.

खाणं, गोळ्या, टेन्शन

‘काय घेणार?’ हा आपल्या घरचा प्रेमळ प्रश्न. कळंगुटच्या हॉटेलात टेबलाशी उभं राहून त्याचंच ‘व्हॉट विल यू टेक?’ केलं की ते थोडं रोखठोक वाटतं. ‘व्हॉट वुड यू लाइक टू हॅव?’ म्हणा. जेवण, चहा, नाश्ता यांच्यासाठी हॅव धरून ठेवा. ‘हॅव यू टेकन युअर लंच?’ नको, ‘हॅव यू हॅड लंच?’ औषधाला मात्र टेकच हवा. आपण गोळी खातो आणि औषध पितो. इंग्रजीत दोन्ही टेक, ‘टेक धिस टॅब्लेट आफ्टर फूड.’ पार्सल न्यायचंय का हे ब्रिटिश पाहुण्याला विचारायचं तर ‘टू टेक अवे?’, अमेरिकन असेल तर ‘टू गो?’

‘डोन्ट टेक टेन्शन’ इतकं रुळलंय की ते चूक आहे हेच मुलांना पटत नाही. ‘डोन्ट वरी’ म्हणा. मनाला लावून घेऊ नकोस हे मात्र टेकशी छान जुळतं, ‘डोन्ट टेक इट टू हार्ट.’ आणि ‘अभ्यास मनावर घे’ असेल तर ‘टेक युअर स्टडीज सिरीयसली’. काळजी घे, रजा घेतली, भाग घेतला, इथंही घेणे आणि टेक हातात हात घालून चालतात. फक्त भाग घेताना ‘इन’ विसरू नका, ‘शी टुक पार्ट इन द भजन कॉम्पिटिशन.’

रूपांकडेही लक्ष असू द्या. टेक, टुक, टेकन. ‘टेक्ड’ असा शब्द नाही, आणि ‘आय हॅव टुक’ही नाही, ‘आय हॅव टेकन’.

‘मुलगी आईवर गेलीय’ला ‘शी हॅज गॉन ऑन हर मदर’ लिहिलेलं मी वहीत वाचलंय. तिथं ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’. देवळाच्या पायरीशी चपला काढायला सांगताना ‘टेक ऑफ युअर शूज’ चालतं, पण शूजच्या जागी ‘देम’ आला की तो मधे बसवायचा, ‘टेक देम ऑफ’. आणि शिगम्याची मिरवणूक, जत्रा, क्लबचा वार्षिक कार्यक्रम, कशाचाही अहवाल लिहिताना ‘द प्रोग्रॅम वॉज टेकन प्लेस’ लिहू नका. इथला ‘वॉज’ खोडायचा आणि टेकनचा टुक करायचा, ‘द प्रोग्रॅम टुक प्लेस इन फोंडा ऑन संडे.’