जुनी मारुती ८०० (कार्ब्युरेटर): १६चं ॲव्हरेज १०वर आलं होतं, दोष नीडल व्हॉल्व्हचा (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई)

लक्षणं: प्लग काळेकुट्ट, पेट्रोलचा वास, गरम गाडी पटकन स्टार्ट न होणं. प्लग, एअर फिल्टर बदलले, मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) फिरवून पाहिला, फरक शून्य. दोन महिने नुसता वैताग.

निदान असं: एअर फिल्टरचा डबा काढा. चोकची पट्टी (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) पूर्ण उभी राहते ना, ते आधी बघा. केबल अडकली तरी हीच लक्षणं दिसतात. मग इंजिन बंद करून टॉर्चने आत पाहा. नोझलमधून पेट्रोल ठिबकत असेल, तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) ओव्हरफ्लो होतोय. वाटी भरली की तरंगणारा फ्लोट नीडल बंद करतो; तेच होत नाहीये.

इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उघडून फ्लोटची पिन काढा. फ्लोट कानाशी हलवा; आत पेट्रोल खळखळलं तर तोही बाद. नीडलच्या टोकावर गोल खाच पडली की ती नीट बसत नाही. नुसती नीडल बदलू नका, सीट (ती बसते ती जागा) आणि वॉशरसकट घ्या (पुण्यात नाना पेठेत मिळतं). नीडल-फ्लोट परत बसवा, झाकण उलटं धरून पेट्रोलच्या नळीत फुंका: हवा जाता कामा नये. गॅस्केट नवंच घाला. मिक्श्चर गरम इंजिनावर जुळवा, सगळ्यात शेवटी.

टाकी फुल ते फुल, एकाच पंपावर मोजलं: १५.५.