भूत उतरल्यानंतरची हॉरर शॉर्ट फिल्म नागपुरात कशी बनवायची

भूत अंगात शिरायचे पिक्चर ढीगभर आहेत आणि बहुतेक सगळे एकाच जागी संपतात, बाबा ओरडला, लिंबू कापलं, पोरगी बेशुद्ध पडली, झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरीला चहा कोण देते? आपली फिल्म तिथून सुरू करा. वीस मिनिटं पुरे.

स्क्रिप्टला बसायच्या आधी ठरवा की तिला काय आठवते. माझं मत, काहीच नको. डॉक्टरांच्या आयसीडी-10 या आजारांच्या यादीत एफ 44.3 वर 'ट्रान्स अँड पझेशन डिसऑर्डर' अशी नोंदच आहे, त्यात माणसाला काही काळ आपण कोण हे भान राहत नाही, आणि नंतर कित्येकांना त्यातलं काही आठवत नाही नाहीतर तुटक तुटक आठवते. म्हणजे तिनं काय केलं हे तिला दुसऱ्यांकडूनच कळणार. आई एक सांगते, वहिनी दुसरंच, शेजारची काकू तिसरंच, आणि छोटा भाऊ काही सांगतच नाही, फक्त तिच्या हातचं पाणी घेत नाही. भूत पुन्हा आणू नका, प्लीज, एकदाही नको, आणलं की हे सगळं वाया गेलं.

बाबाचा सीन दाखवायची गरज नाही, खुणा दाखवा. मनगटावरचे दोराचे वळ, चटक्याचा डाग, मिरचीच्या धुरानं बसलेला आवाज. आपल्याकडे 2013 चा जादूटोणा विरोधी कायदा आहे, भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं, मिरचीचा धूर देणं हे सगळं त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. म्हणून घरात एक माणूस असा ठेवा जो म्हणतो पोलिसात जाऊ, आणि बाकीचे त्याच्याकडे बघतच नाहीत. तो सीन लांब ठेवा, घाई करू नका.

रात्रीच्या लाइटचं भाडं परवडत नसेल तर मे महिन्यात दुपारी दोनला शूट करा, ऊन मी म्हणून राहिलं असते, रस्त्यावर कुत्रं नसते, महाल भागातल्या जुन्या घरात खिडकीला वाळ्याची ओली खसताटी लावलेली, आणि कूलर. कूलरचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, शूट चालू असताना मात्र बंद, नाहीतर डायलॉग गेले कामातून. एडिटिंगमध्ये तो आवाज सीनखाली सतत चालू ठेवायचा आणि ती घरात पहिल्यांदा हसते तेव्हा एकदम लाइन जाते, कूलर बंद. त्या शांततेत सगळे तिच्याकडे बघतात. बस, यापेक्षा मोठा झटका लागत नाही.

एक सीन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवा. मारबत निघते, म्हणजे पिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, काळी आणि पिवळी, बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे निघतात, इतवारीकडे पाय ठेवायला जागा नसते आणि अख्खी गर्दी ओरडते, रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत. आपली पोरगी वरच्या गॅलरीत उभी, खाली गाव पिडा हाकलून राहिलं आणि आई हळूच तिला आत ओढते. गर्दीत ट्रायपॉड चालत नाही, दोन मोबाइल, दोन माणसं, आणि गॅलरीवाल्या घरी आधी जाऊन नीट विचारून या.

हा रोल करणाऱ्या पोरीची काळजी मनापासून घ्या. वळ मेकअपचेच, दोर ढिला, खऱ्या मिरचीचा धूर कधीच नाही, आणि ती थांबा म्हटली की थांबायचं. तिच्या ओळखीचं कोणीतरी सेटवर असू द्या.

शेवट मी असा करीन. पहिल्या रात्री ती झोपायला जाते, बाहेरून आईनं कडी लावल्याचा आवाज. तीच कडी मधे दोनदा ऐकवा, दाखवू नका. शेवटच्या रात्री आई कडी न लावताच वळते, आणि आतून पोरीचा आवाज येतो, आई, कडी लाव नं. इथं कट करा, म्युझिक नको.