डीमधला नऊ नंबर घडवायचा असेल तर

फुटबॉलमध्ये पोरगं फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा नऊ नंबर, खेळायचं ठरलं की पहिल्याच दिवशी डीच्या (गोलपुढच्या चौकोनाच्या) बाहेर, लांबून फटके मारायला लागतं. संध्याकाळी पेठेतल्या पोरांना शिकवायला उभा राहिलो की माझं पहिलं काम ते थांबवायचं. मी स्वतः कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सहा यार्डांवरून चेंडू गोलच्या आडव्या बारच्या वरून मारलेला आहे. वीस वर्षं झाली, तालमीतली, म्हणजे आमच्या फुटबॉल संघातली, मंडळी चहाच्या गाड्यावर अजून तो विषय काढतात.

म्हणून आधी पोरांना पश्चिम जर्मनीचा फॉरवर्ड गेर्ड म्युलर याचा एक गोल दाखवतो. 7 जुलै 1974, म्युनिक, वर्ल्ड कपची फायनल. पश्चिम जर्मनी आणि हॉलंड 1-1, 43 वं मिनिट. उजवीकडून आत घुसलेल्या त्याच्या साथीदार बोनहॉफनं पास दिला. म्युलर पुढं निघालेला, पास जरा मागं पडला आणि पहिल्या टचला चेंडू गोलपासून आणखी लांब गेला. इथं व्हिडिओ थांबवायचा आणि विचारायचं, आता काय? बहुतेक पोरं म्हणतात, चान्स गेला. मग पुढं चालवायचा. गडी जागच्या जागी फिरतो आणि उजव्या पायानं जमिनीलगत चेंडू सरकवतो. ताकद लावलेलीच नाही. गोलकीपर जागचा हलतही नाही. त्याच गोलवर जर्मनीनं कप नेला. देशासाठीचा हा त्याचा शेवटचा सामना: एकूण 62 सामने, 68 गोल.

आता मैदानात या. पोराला पेनल्टी स्पॉटवर गोलकडे पाठ करून उभं करा, मागं दुसरं एक पोरगं चिकटवा. तुम्ही दहा पावलांवरून पास द्यायचा, आणि मुद्दाम वाईट द्यायचा: कधी टाचेमागं, कधी गुडघ्याएवढा उसळता. चांगल्या पासवर कुणीही फिरतं. पोरानं गुडघे वाकवून बूड खाली ठेवायचं, हात किंचित फाकलेले. पहिला टच मागच्या पोरापासून लांब, दुसऱ्या टचला शॉट. तिसरा टच घेतला की तो चान्स बाद. फिरताना पावलं बारीक पडली पाहिजेत, लांब टांग टाकली की तोल गेलाच. जमिनीवर टेकलेल्या पायाचा चवडा गोलकडे वळला का तेवढं बघा, चेंडूकडे मी बघतसुद्धा नाही. एका पोराला सलग आठ-दहाच पास, मग विश्रांती. पाय थकले की पावलं लांबतात आणि चुकीचीच सवय लागते.

जाता जाता एक सांगतो. पोरगं जाड आहे म्हणून त्याला गोलमध्ये उभं करू नका. आपल्याकडं सर्रास करतात. बायर्न म्युनिक या क्लबात म्युलरचा पहिला कोच चायकोव्स्की त्याला ‘छोटा जाडा म्युलर’च म्हणायचा. पाय आखूड, मांड्या दणकट, म्हणून तर बचावपटू अंगावर असताना तो तसा फिरायचा.

दुसरा सराव पोरांना अजिबात आवडत नाही. शॉट दुसऱ्यानं मारायचा आणि आपल्या पोरानं गोलकीपरच्या अंगावर धावायचं. चेंडू सुटला तर आत ढकलायचा, नाही सुटला तर परत मागं यायचं. दहातले आठ-नऊ वेळा रिकामंच. बाहेर उभे असलेले पालक विचारतात, सर, हा नुसता पळतोय का? पळू दे. 1971-72 च्या बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, म्युलरनं 34 सामन्यांत 40 गोल केले. तो विक्रम 49 वर्षं टिकला, 2021 मध्ये बायर्नच्याच लेवांडोव्स्कीनं एका हंगामातला 41 वा मारला तेव्हा मोडला. त्या माणसाचे गोल ओळीनं बघा, फटक्यापेक्षा पोचणंच जास्त दिसेल.

एवढ्यासाठी मी वही ठेवतो. शॉटचा जोर तिच्यात कुठंच नाही. शॉट झाल्यावर पोरगं गोलपुढच्या सहा यार्डात पोचलं की एक रेघ, गोल झाला की रेघेवर टिंब. गेल्या महिन्यात एकाच्या नडगीला चेंडू लागून आत गेला. त्याला वाटलं सगळे हसणार, मान खाली घालून माझ्याकडं आला आणि म्हणाला, “सर, हा धरू नका, चुकून लागला.” मी वही त्याच्यापुढं धरली. त्या संध्याकाळच्या त्याच्या चौदा रेघा होत्या. टिंब त्यालाच द्यायला लावलं.